मोरकंठी आणि तांबट

सोमवार, ४ ऑगस्ट

भिंगरी,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवल्या त्या क्रमाने:

सूक्ष्मदर्शक, एक. चाळीस पट मोठं दाखवतो. भिंगं दुकानातल्या फुटक्या काचांची, मी घासलेली. नळी सायकलच्या पंपाची.

बारा खणांचं कपाट, जुन्या दरवाजाच्या लाकडाचं. एकही खिळा नाही, सगळे जोड खाचेचे. वीस वर्षांत एकही खण अडकलेला नाही.

बारा काचा, त्या खणांवरच्या. कडा अशा घासल्यात की बोट फिरवलं तरी कापत नाही.

मान वळणारा दिवा.

तुझ्या आईच्या शिलाई मशीनचं पायडल.

तुझं पहिलं जाळं, आणि तुझा पहिला चष्मा. उजवा पावणेदोन, डावा सव्वा.

खण क्रमांक चारमधली शहाण्णव लेबलं.

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी आजारी नाही. तुझी आई दर रविवारी फोनवर तुझ्याशी बोलते तेव्हा मी आतल्या खोलीत असतो, त्यामुळे बियाणं तपासणी केंद्रातली तुझी नोकरी, गळका नळ आणि घरमालकीणबाईंचं मांजर, सगळं मला ठाऊक आहे. मांजराबद्दल माझं मत कोणी विचारलेलं नाही.

यादीचं कारण असं. शनिवारी मामा एका माणसाला घेऊन आला. मामाच्या रंगाच्या दुकानातून ज्यांच्याकडे माल जातो त्यांच्यातला एक, सजावटकार. पांढरे बूट. नवीन हॉटेल उभं राहतंय, त्याच्या दर्शनी भिंतीवर काहीतरी ‘कोणाकडेच नसलेलं’ लावायचं आहे. मामा दारातूनच ओरडला, “दाजी, बाहेर काढा तुमचे दागिने!” मी खण एक ते तीन दाखवले. माणूस जांभया देत होता. चार नंबर काढला, दिवा वळवला, आणि त्याची जांभई अर्धीच राहिली.

टाचण्यांवरचे शहाण्णव सोनभुंगेरे, एका दिव्याखाली. तुला वेगळं सांगायला नको.

“हे सगळं तुम्ही केलंत?” त्याने विचारलं. भुंगेरे सोडून सगळं, असं मी सांगितलं आणि वरची यादी तोंडी म्हटली. त्याने सगळी ऐकून घेतली. मग काचेवर वाकून म्हणाला, “काका, ह्यांचा सूर्य करायचाय. मधून किरण निघाल्यासारखे. खालच्या चिठ्ठ्या वगैरे नकोत, नुसता माल.”

माल म्हणाला. मामाने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने आईला चहाचं विचारलं.

आकडा त्याने जाताना सांगितला. मी पंधरा दिवस मागून घेतले. मालकांनी यंदा चष्म्याच्या दुकानात यंत्र आणलंय. नंबर टाकला की भिंग आपोआप घासून बाहेर येतं. मला पुढे काउंटरवर बसवलंय. दांड्यांचे स्क्रू आवळतो. सत्तावीस वर्षांनी. त्या आकड्यात कोपऱ्यावरचा रिकामा गाळा माझ्या नावावर होतो आणि पाटीवर काय लिहायचं हे मी ठरवतो. त्यामुळे विचार करावा लागेल.

खणातल्या निम्म्याहून अधिक भुंगेऱ्यांना हात तुझा लागलाय म्हणून कळवलं. तुझं मत असेल तर आईला सांग.

आईने हे पत्र वाचलं. म्हणाली, “पोरीला पत्र लिहिलंय की दुरुस्तीची पावती?”

बाबा


सोमवार, ११ ऑगस्ट

भिंगरी,

आई म्हणाली, पत्र पोचलंय, अजून फोडलेलं नाही. फोडण्याची घाई नाही. हे त्याच्याजवळ ठेव.

विकायचा झाला तर खण स्वच्छ करून द्यायला हवा, म्हणून गेले सात दिवस रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास एकेक भुंगेरा सूक्ष्मदर्शकाखाली घेतो आणि दोन केसांच्या ब्रशने झाडतो. सगळे अजून झालेले नाहीत. एक गोष्ट जुळत नाही. ती सांगायला आधी दोन्ही जाती शेजारी ठेवाव्या लागतील. तुला पाठ आहे, तरी लिहितो. क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं.

मोरकंठी आणि तांबट. नावं तू ठेवलेली, वय वर्षं सहा. शास्त्रातली नावं मला नंतर कळली, पण घरात हीच चालली. दोन्ही लांबीला वीस ते तेवीस मिलिमीटर. दोन्हींच्या पाठीवर पांढऱ्या, मोडक्या रेघा. रंगावर जायचं नाही. मोरकंठीत दहात एक तांबूस निघतो, आणि तांबटांतही हिरवेगार असतात. ओले झाले की दोघंही रंग बदलतात, वाळले की परत येतात. तो रंग मुळी त्यांच्या अंगात नसतोच. कवचाच्या थरांवरून उजेड जसा परततो तसा दिसतो. कवच कुटलं तर हातात काळपट भुकटी येते. तू एकदा कुटून पाहिलं होतंस आणि दोन तास रडली होतीस.

खरा फरक पोटाशी. मधल्या पायांच्या जोडीत, छातीवर, एक गाठ असते. मोरकंठीची वाटोळी, मोहरीच्या दाण्यासारखी. तांबटाची चपटी आणि पुढे पसरट, फावड्याच्या पात्यासारखी. शिवाय तांबटाच्या गुडघ्यावर पांढरा ठिपका, मोरकंठीच्या नाही. एवढंच. ज्याला हे दिसलं त्याची चूक होत नाही.

तुला तर दिसायचीही गरज नव्हती. तू सात वर्षांची असताना मामाने पैज लावली होती. आईचा रुमाल तुझ्या डोळ्यांवर बांधला आणि जिवंत भुंगेरे एकेक करून तुझ्या तळहातावर ठेवले. तू अंगठ्याने खालून गाठ चाचपायचीस आणि ओरडायचीस, “मोर! मोर! तांबट! मोर!” वीसपैकी वीस. मामा म्हणाला, “दाजी, पोरगी किड्यांची नाडी बघते!” पैजेतलं कलिंगड त्याने खरंच आणलं.

आता न जुळणारी गोष्ट. दोघं राहतात वेगवेगळ्या जागी. एकाच्या अळ्या कालव्याकाठच्या म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत वाढतात, तिथल्या लाल भुशात. दुसऱ्याच्या बागेतल्या खताच्या ढिगात. कोण कुठला, हे लेबलावरून कळतं. जागा, तारीख, कोणी धरला. माझ्या लेबलांप्रमाणे तांबट कालव्याचे आणि मोरकंठी बागेचे. तुझ्या प्रबंधातही तेच होतं.

पण मी मोरकंठीच्या पोटावरचे केस झाडले तर ब्रशला लाल भुसा लागतो. कुजक्या लाकडाचा. आणि तांबटाच्या केसांत अंड्याच्या टरफलाचे कण आहेत, आणि गवताची काडी. ढोलीत अंड्याचं टरफल कोण टाकतं?

बारा-बारा तपासले. चोवीसच्या चोवीस उलटे.

आईला म्हटलं तर ती म्हणाली, “मग लेबलं उलटी असतील.” मी म्हटलं, लेबलं मी लिहिलीत. ती म्हणाली, “तेच म्हणतेय मी.”

तपास चालू आहे.

बाबा


सोमवार, १८ ऑगस्ट

भिंगरी,

काल तू आईला सांगितलंस की दोन्ही पत्रं फोडली. ‘वाचली’ असा शब्द तू वापरला नाहीस, आईने मुद्दाम सांगितलं. तिने तुझा दुसरा निरोपही सांगितला. विद्यापीठाच्या नियमाने परत पाठवलेला प्रबंध सात वर्षांच्या आत सुधारून पुन्हा देता येतो, आणि ती सात वर्षं ह्या तीस तारखेला संपतात. तू म्हणालीस, मला काही नको, बाबांना फक्त तारीख सांगून ठेव. मी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.

तपास संपला. निकाल लिहितो.

तू शिकायला बाहेरगावी गेलीस त्या वर्षी मी खण क्रमांक चारची लेबलं नवी केली. जुनी बहुतेक तुझ्या हातची होती, नवव्या-दहाव्या वर्षातली. शाई फुटलेली, ओळी चढणीला लागलेल्या, कुठे मुंगीएवढं अक्षर तर कुठे झुरळाएवढं. कपाट बघायला लोक यायला लागले होते. मला ते बरं दिसेना. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि करू नको असंही सांगणारं कोणी नव्हतं. मी जे शिकलो ते डोळ्यांनी शिकलो, आणि डोळ्यांना ती लेबलं वाईट दिसत होती.

पद्धत अशी होती. खण टेबलावर, मूठ माझ्या बाजूला. आठ ओळी, ओळीत बारा. मुठीकडून मोजलं तर एक ते अठ्ठेचाळीस मोरकंठी, पुढचे अठ्ठेचाळीस तांबट. एकेक टाचणी उपसायची, खालून लेबल काढायचं, टाचणी परत जागेवर. काढलेली लेबलं एका पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने मांडायची आणि प्रत्येकाशेजारी त्याची नवी नक्कल ठेवायची. नावांच्या दोन पट्ट्याही नव्या करायच्या म्हणून काढून ठेवल्या होत्या. लिहायला चार दिवस लागले. दौतीत बुडवायचा टाक, सगळ्यांत बारीक निब. इतकं चांगलं अक्षर मी त्याआधी काढलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

पाचव्या दिवशी नवी लेबलं घालायला बसलो तर उजवा हात उजेडाच्या आड येत होता. म्हणून मी खण फिरवला. मूठ खिडकीकडे गेली. पुठ्ठा फिरवला नाही.

झालं ते एवढंच.

पहिल्याचं लेबल शहाण्णवाव्याला गेलं, दुसऱ्याचं पंचाण्णवाव्याला. कोणत्याही भुंगेऱ्याचं खरं लेबल हवं असेल तर त्याचा क्रमांक सत्त्याण्णवातून वजा करायचा. लेबलावर क्रमांक नव्हते; ते असायला हवे होते. शहाण्णव वेळा टाचणी उपसली, शहाण्णव वेळा मोरकंठीच्या खाली ‘बाग’ आणि तांबटाच्या खाली ‘कालवा’ घातलं, आणि एकदाही थांबलो नाही. मी अक्षर बघत होतो, मजकूर बघत नव्हतो. काम झाल्यावर पंचाण्णव जुनी लेबलं केराच्या टोपलीत टाकली.

तुझा प्रबंध जुन्या संग्रहांवर होता, त्यामुळे तुला माझ्या लेबलांवर विसंबावं लागलं. तू विचारलंही होतंस. इथेच, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. “बाबा, मला आठवतंय की कालव्यावर मोर सापडायचे. ढोलीत हात घालून मीच काढलेत.” मी म्हटलं, “आठवण आणि नोंद ह्यांत नोंद खरी धरायची.” तू नोंद खरी धरलीस. मग परीक्षक बाई स्वतः कालव्यावर गेल्या. त्यांना बारा मोरकंठी मिळाले आणि तांबट एकही नाही. बागेत सगळं बरोबर त्याच्या उलट. नोंदी विश्वास ठेवण्याजोग्या नाहीत असं त्यांनी लिहिलं.

नोंदी खरोखरच तशा नव्हत्या. चूक माझी. प्रामाणिक चूक होती, पण माझी. हे तुला लेखी कळवतो.

सजावटकाराचा फोन येऊन गेला. त्याला उत्तर ह्या आठवड्यात हवंय. खण गेला तर लेबलांचा प्रश्नच उरत नाही, तीही गोष्ट आहे. हे मी फक्त लिहितोय, सुचवत नाही.

बाबा


गुरुवार, २१ ऑगस्ट

भिंगरी,

काल बुधवार असून तुझा फोन आला. मी आतल्या खोलीत नव्हतो, दारातच होतो. आई म्हणाली, “घ्या, तुम्हीच बोला.” मी हातानेच नको म्हटलं. ती फोनमध्ये म्हणाली, “इथे उभे आहेत खांबासारखे. सांग काय ते, मी ओरडून सांगते.” आणि दोन पावलांवर उभ्या माणसाला तिने खरंच ओरडून सांगितलं:

“ती विचारतेय, शहाण्णवावं कुठे आहे?”

मग फोन ठेवून तिने मला विचारलं, “शहाण्णवावं काय?”

तू माझी मुलगी आहेस हे कोणी वेगळं सिद्ध करायची गरज नाही. मी पंचाण्णव लिहिलं होतं. शहाण्णव लिहिलं असतं तर तुला शंका आली नसती. पण टोपलीत पंचाण्णवच गेली होती. खोटा आकडा माझ्या हातून उतरेना. बाकी खोटं उतरलं.

आता क्रमाने.

क्रमांक एकतीस, तिसरी ओळ, सातवी जागा, मोरकंठी. तू दहा वर्षांची असताना त्याचं लेबल टाचणीवर गरगर फिरतं म्हणून तू डिंकाचा थेंब लावला होतास. मी ओरडलो होतो. लेबलं नवी करताना ते एकच निघालं नाही. जुनं तसंच वर, किड्याच्या पोटाशी राहिलं. मी नवं खालून सरकवलं आणि म्हटलं, ह्याचं नंतर बघू.

प्रबंध परत आल्यावर काही महिन्यांनी, सहा वर्षांपूर्वी, विद्यापीठाच्या समितीचं पत्र आलं. खण पाहायला मागत होते आणि मूळ लेबलांबद्दल माझं म्हणणं लेखी मागत होते. तू आदल्याच दिवशी वसतिगृहावर परत गेली होतीस. दुपार होती, दुकानाला सुट्टी होती. मी खण क्रमांक चार काढला, कारण मला पुरावा हवा होता की माझं बरोबर आहे. एकेक टाचणी तिरकी करून पाहिली. एकतिसाव्यावर दोन लेबलं होती. खाली माझं, टाकाने लिहिलेलं: बाग, खताचा ढीग. वर तुझं, चढणीला लागलेलं: कालवा, झाड सातवं, ढोली.

एका टाचणीवर दोन जागा. मला कळायला जेमतेम तेवढाच वेळ लागला जेवढा तुला गाठ चाचपायला लागायचा.

मी चिमट्याने तुझं लेबल खेचून काढलं. डिंकामुळे एक कोपरा फाटला. ते चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलं. खण कपाटात ढकलला. मग समितीला पत्र लिहिलं. त्यातलं माझं वाक्य तुला पाठ असेल, मलाही आहे: “नोंदी अचूक आहेत. दोन जाती ओळखण्यात मुलीकडून गफलत झालेली असावी.” आणि खण पाठवता येणार नाही, वाटेत टाचण्या हलतील.

आधी पाहिलं, मग लिहिलं. क्रम हा होता.

जी पोर डोळ्यांवर रुमाल बांधून वीसपैकी वीस ओळखायची, तिला ओळखता येत नाही असं मी चार शिकलेल्या माणसांना सहीनिशी कळवलं. त्यांना ते लगेच पटलं. माझं अक्षर चांगलं आहे.

का, असं तू विचारलेलं नाहीस. तरी सांगतो. मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही. त्या समितीत सगळे पदवीवाले. त्यांनी मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं, ‘आपलं म्हणणं कळवावे’ अशा भाषेत. त्यांना मी असं कळवणार होतो की माझ्या हातून खण फिरला? मला वाटलं, तू शिकलेली आहेस, तरुण आहेस, तू सावरशील. मी सावरणार नाही. हे कारण आहे, सबब नाही. बरोबर वजन करून लिहिलं तर सबबही आहे.

मागच्या पत्रात ‘ह्या आठवड्यात शोध लागला’ असा जो सूर आहे तो खोटा. भुशाचं आणि टरफलाचं तेवढं खरं, ते मी खरंच आत्ता पाहिलं. पण मला ते पाहायची गरज नव्हती. आणि ‘प्रामाणिक चूक’ हे खण फिरवण्याबद्दल खरं आहे, पुढच्याबद्दल नाही. ते दोन शब्द खोडून वाच.

आईला मी काल रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. तिने पोळपाट पुसून भिंतीला टेकवला. मग म्हणाली, “सहा वर्षं मी तिला सांगतेय की बाबा तुझे हट्टी आहेत, वाईट नाहीत. आता मी काय सांगू?” जेवायला तिने वाढलं, पण समोर बसली नाही.

डबीतलं लेबल ह्या पत्रात घातलेलं नाही. तुला नको म्हणून नव्हे. त्याला आधी दुसरीकडे जायचंय.

बाबा


मंगळवार, २६ ऑगस्ट

भिंगरी,

काल दुकानातून रजा घेतली. सत्तावीस वर्षांत चौथी. खण क्रमांक चार चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसने विद्यापीठात गेलो. तीन तास. एकही टाचणी हलली नाही. म्हणजे तेव्हाही हलली नसती.

परीक्षक बाई अजून आहेत. केस पूर्ण पांढरे आहेत, आवाज तू सांगायचीस तोच असावा. माझं पत्र त्यांच्या फायलीत होतं, त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, “तुम्हीच ना हे?”

“हो.”

मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी मधे अडवलं नाही. डबी उघडून तुझं लेबल पुढे केलं, एकतिसावी टाचणी दाखवली, सत्त्याण्णवातून वजा करायचं सांगितलं. भुशाचे आणि टरफलाचे कण काचेच्या चोवीस पट्ट्यांवर नेले होते, तेही दिले. त्यांनी स्वतः तेरा भुंगेरे उलटे करून पाहिले. मग चष्मा काढला.

“सहा वर्षं लागली?”

“हो.”

“लेबलं सुंदर आहेत.”

“हो.”

“चूक आहेत.”

“हो.”

“जुनं लेबल कधी काढायचं नसतं. फाटकं असो, घाण असो. नवं घालायचं ते त्याच्या खाली. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो.”

“मी पहिल्या वर्षाला नव्हतो,” मी म्हटलं. ह्या वेळी हे जरा जोरात बोललो. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने वर पाहिलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमची मुलगी होती. तिला विचारायचं.”

मी खण माझ्याकडे ओढला.

मी म्हटलं, चुकीची लेबलं काढून टाकतो, बरोबर नवी लिहून देतो, आठ दिवस द्या. त्या म्हणाल्या, “काही काढायचं नाही. ही अशीच राहतील. प्रत्येक टाचणीवर त्याखाली एक छोटी चिठ्ठी घाला: क्रमांक, खरी जागा, चूक कोणाची आणि कधी लक्षात आली. तुमची चूक हीसुद्धा नोंदच आहे.” मग एकतिसाव्याकडे बोट करून म्हणाल्या, “आणि तिचं ते परत वर चढवा. फाटलंय तसंच.”

त्यांच्याच टेबलावर बसून शहाण्णव चिठ्ठ्या लिहिल्या. टाक नेला नव्हता. साध्या पेनाने लिहिल्या, अक्षर बरं आलं नाही. ‘कधी लक्षात आली’ ह्याच्यापुढे मी सहा वर्षांपूर्वीची तारीख घातली, ह्या महिन्यातली नाही. शहाण्णव वेळा. बाईंनी पहिली चिठ्ठी वाचली, ती तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे ढकलून पाणी आणायला सांगितलं.

खण आता विद्यापीठात आहे. कपाटात चौथ्या जागी भोक दिसतं. मला ते बुजवायचं नाही.

सोबत तीन कागद. माझ्या जबाबाची प्रत, बाईंच्या सहीची. प्रबंध पुन्हा सादर करायचा अर्ज. आणि त्यांनी स्वतः कालव्यावर आणि बागेत घेतलेल्या नोंदी, त्या वर्षीच्या. त्या तुझ्या आठवणीशी जुळतात. बाई म्हणाल्या, अर्ज तीस तारखेपर्यंत पोचला की बस, प्रबंधाला पुढे वर्ष मिळतं. पाकिटावर मी तिकिटं जास्तीची लावलीत, गुरुवारी मिळायला हवं. अर्ज भरायचा की नाही हे तू ठरव. मी विचारणार नाही. आईही विचारणार नाही असं म्हणते, पण तिच्यावर विसंबू नकोस.

मामा संध्याकाळी आला होता. सजावटकाराने आधी त्याला फोन केला होता, मग मला. मामा बूटही न काढता आत आला. “दाजी, किडे ते किडे! मेलेले किडे! भिंतीवर सूर्य झाला असता त्यांचा! आता कोपऱ्यावरच्या गाळ्यात कोण बसणार, मी?” आई आतून म्हणाली, “त्याला सांगा, बूट काढ म्हणावं आधी.” त्याने काढले. मग कपाटासमोर बसून रिकाम्या जागेत हात घालून पाहिला, आणि उठताना म्हणाला, “वीसपैकी वीस होते ना हो तेव्हा?” मी म्हटलं, हो, वीसपैकी वीस. “मग कलिंगड फुकट नाही गेलं,” असं म्हणून गेला.

पहिल्या पत्रातल्या यादीत एक दुरुस्ती कर. शेवटची ओळ: खण क्रमांक चारमधली शहाण्णव लेबलं, आणि त्यांखालच्या शहाण्णव चिठ्ठ्या. दोन्ही माझ्या हातच्या. दुसऱ्याच बरोबर.

आकडा मी तुला आजवर कळवला नव्हता. तो राहिला तर हिशेब अपुरा राहील. हॉटेलच्या दर्शनी भिंतीसाठी, लेबलं वगळून, शहाण्णव भुंगेऱ्यांचे रोख देऊ केले होते. मी नको म्हणालो. सहा लाख चाळीस हजार.

बाबा